भाऊ, तुमच्या सहीची मुदत संपली

भाऊ, तुम्ही गेलात हे सगळ्यांत शेवटी कुणाला कळलं, सांगू? कॉम्प्युटरांना. माणसांना त्याच सकाळी कळलं. भांगरवाडीत तुमच्या दारासमोर चपला काढायला जागा उरली नाही. पण आंबीच्या शाळेतले, लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानातले, लोहगडवाडीच्या मावशींच्या घरातले कॉम्प्युटर आपले निवांत होते. त्यांच्या लेखी तुम्ही होतात. मग दहाव्याच्या सुमाराला एकेकानं कुरकुर सुरू केली. आंबीच्या शाळेतून शिंदेबाईंचा फोन आला, "रेखाताई, अपडेट घेईना झालाय. म्हणतो, सहीची मुदत संपली. जरा भाऊंना विचारता का..." एवढं बोलून बाईंनी जीभ चावली असणार, कारण पुढं काही ऐकूच आलं नाही.

खोटं कशाला सांगू, मला आधी रडू आलं नाही, कुतूहल वाटलं. म्हणजे बघा ना, तुम्ही मंगळवारी शेवटची सही केलीत, ती तुमच्यानंतरही आठवडाभर चालत राहिली आणि मग ठरल्या वेळी सगळ्या मावळात एकदम बंद पडली. ती मुदत तुम्हीच घातलेली. का घातली, यावरून आपण केवढे भांडलो होतो! आता उत्तर समोर होतं आणि भांडायला तुम्ही नव्हता. मग रडू आलं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चांगलं रडून घेतलं.

हे लिहितेय तुम्हालाच, पण तुमची माणसंही वाचतील आणि त्यांना तुमचा उद्योग धड ठाऊक नाही. तुमच्या पुतण्याला अजून वाटतं, काका कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. अहो, दुरुस्त मी करते, स्टेशनजवळच्या माझ्या दुकानात. तुम्ही कोठार सांभाळायचात. त्या कोठारातून कॉम्प्युटरांना नवे प्रोग्रॅम आणि जुन्यांची दुरुस्ती मिळायची, आणि ते फक्त तुमची सही ओळखायचे. आता ती सही कुणी करायची, आणि कुणाच्या नावानं, हा माझ्यापुढचा प्रश्न. तो सुटेपर्यंत कुणालाच काही मिळणार नाही.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तीच मुळी भांडायला. शेठच्या चिक्कीच्या दुकानात गल्ल्यावर एक खटारा कॉम्प्युटर बघितला. माझ्याकडे आला असता तर मी सरळ भंगारात काढला असता, आणि तो तुरूतुरू चालत होता. "कुणी केलं हे?" तर शेठ म्हणाले, "भांगरवाडीतले भाऊ. आंबीच्या कारखान्यात होते, आता रिटायर झालेत." माझी गिऱ्हाइकं पळवणारा हा कोण म्हातारा, म्हणून मी तरातरा तुमच्या ओसरीवर. तुम्ही मटार सोलत बसला होतात. मी तोंड उघडायच्या आत माझ्यापुढं मूठभर शेंगा सारल्यात आणि म्हणालात, "बस. सोल. मग भांड."

शेंगा संपल्यावर कपाट उघडून दाखवलंत. वरच्या फळीवर वहिनींचे पापडाचे डबे, खालच्या फळीवर घरघर करणारी एक काळी पेटी.

"हे कोठार," तुम्ही म्हणालात. "या सिस्टिमला प्रोग्रॅम कुटनंबी उचलून टाकायचा न्हाई. जगभरची माणसं एकेक प्रोग्रॅम तपासत्यात, गाठोडं बांधून एका मोठ्या कोठारात ठेवत्यात. कॉम्प्युटरनं तितनंच घ्यायचं. त्या मोठ्या कोठाराचं हे मावळातलं पिल्लू."

"पिल्लू कशाला? थेट मोठ्यातूनच घेऊ दे की."

"लोहगडवाडीत रेंज येती का तुझी? आमी डिस्क डिकीत टाकून नेतो. आन् दुसरं म्हंजे, आलेला माल तसाच्या तसा दुकानात मांडायचा नसतो."

हे दुसरं कारण माझ्या डोक्यात शिरायला बराच काळ गेला. तोवर मी तुमच्याकडे रोज यायला लागले होते. वहिनी म्हणायच्या, हिला घरी चहा मिळत नाही का.

मोठ्या कोठारातही म्हणे तीन खोल्या असतात. पहिलीत रोज ताजा, कच्चा माल येतो. तिथं तो काही दिवस पडून राहिला, कुणी मोठी तक्रार केली नाही, आणि ज्या गाठोड्यांवाचून त्याचं चालत नाही तीही तयार असली, की सगळी मिळून दुसऱ्या खोलीत जातात. अधूनमधून, काही वर्षांनी, त्या दुसऱ्या खोलीचं दार लावून घेतात. नवं काही आत घ्यायचं नाही. आत आहे त्यातल्या चुका तेवढ्या काढत बसायचं. सगळं निवळलं की तिला नाव देतात, आणि तीच मग तिसरी खोली होते, जगानं वापरायची. मला याचं फार नवल वाटलं. अख्ख्या जगाला घाई आणि ही माणसं दार लावून बसलेली! बहुतेकांना पगार नाही, डोक्यावर साहेब नाही. मग दार उघडायचं कधी, हे ठरवतं कोण? तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "तयार झालं की." "अहो पण तारीख?" "तयार झालं की त्या दिवशी जी असंल ती." असला राग यायचा ना मला तुमच्या असल्या उत्तरांचा!

पण त्यावरून तुम्ही बसवलेली मावळी पद्धत मात्र जगात दुसरीकडे कुठं नसेल. तुमची पहिली खोली म्हणजे वहिनींचा स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर. नवं काही आलं की पहिला प्रयोग त्यांच्यावर. त्या भाकरी थापताना त्यावर गाणी लावायच्या, लेकीशी बोलायच्या, भजनी मंडळाच्या वेळा छापून काढायच्या. मध्येच आतून हाक यायची, "अहो, आवाज गेला!" झालं, ते गाठोडं तिथंच अडलं, मग मोठ्या कोठारवाल्यांनी ते कितीही पास केलेलं असो. "जगाचं दुखणं आधी माझ्या डोक्यावर," असं वहिनी कुरकुरायच्या आणि तुमच्या चेहऱ्यावर असं काही समाधान यायचं की बघत राहावं.

वहिनी गप्प राहिल्या तर आंबीच्या शाळेची लॅब. तिथली पोरं हाताळून हाताळून जे मोडायचं ते मोडायची. तिथं टिकलं की मग सगळीकडे, तेही मंगळवारी. मंगळवारच का, हे मला कुणाला समजावून सांगायला आवडतं. रविवारी टुरिस्ट उतरतात, सोमवारी दुकानदार अंग टाकतात, आणि शुक्रवारपासून घाटात पुन्हा गाड्या चढायला लागतात. शुक्रवारी दुपारनंतर तुम्ही कोठाराला हात लावायचा नाहीत. पावसाळ्यात तर दारच बंद. धबधब्यांवर माणूस मावत नाही, अशा दिवसांत कुणाचा गल्ला बंद पडला तर तो माणूस आपल्याला जन्मभर विसरणार नाही, असं तुमचं म्हणणं. तेवढे महिने फक्त सुरक्षेची ठिगळं जायची आणि बाकी सगळं दसऱ्यानंतर. मोठ्या कोठारवाल्यांना हे कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, याचं मला अजून कुतूहल आहे. एकदा कळवूया म्हटलं तर म्हणालात, "त्यांना काय करायचंय आपल्या चिक्कीशी."

आपलं पहिलं मोठं भांडण झालं ते जुन्यावरून. लोहगडवाडीला मावशींकडे. गडावरून उतरलेल्या पोरांच्या पिठलं-भाकरीच्या ऑर्डरी, मुक्कामाला कोण कोण, सगळं त्या कॉम्प्युटरवर. तुम्ही डिस्क जोडलीत तशा मावशी चुलीपासून ओरडल्या, "भाऊ, काल तर ब्येस चालत व्हतं. त्याला कशापायी डिवचता?"

मला आयतीच संधी. "डिवचताहेत कुठले मावशी? जगात नवीन आलं, ते येऊन जुनंही झालं, आणि भाऊ तुम्हाला अजून त्याच्या आजोबांवर ठेवतायत. जुन्यात भोकं असतात. चोर शिरतो."

"भोक बुजवतो की आपण," तुम्ही म्हणालात. "त्यापायी घर कशाला पाडायचं?"

"तुमचं दोघांचं चालू द्या," मावशी म्हणाल्या, "मला आदी त्या पोरांची बिलं छापून द्या. भाकरी खाऊन निघाली ती."

बिलं छापली. पण तुमचं ते भोक बुजवणं माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी एका गाठोड्याचा सगळा इतिहास वाचून काढला. नव्या आवृत्तीत जी दुरुस्ती झाली, तेवढीच कातरून जुन्या आवृत्तीला शिवलेली होती. जुन्याचा नंबर तोच, त्याला मागं फक्त एक बारीकशी शेपटी वाढलेली. आणि प्रत्येक टाक्याखाली लिहिलेलं, कुणी शिवलं, कशासाठी शिवलं. ज्यांना मी कधी भेटणार नाही अशी माणसं, कोण जाणे कुठल्या देशातली, मावशींच्या खटाऱ्यातलं भोक बुजवत बसलेली. नवं करायला सगळे धावतात हो, पण हे काम करायला कोण बसतं? मी धावतच तुमच्याकडे आले आणि विचारलं. "ज्यांचं जुन्यावर भागतं, ते," तुम्ही म्हणालात आणि वर्तमानपत्रात तोंड घातलंत.

त्यानंतर मी जुन्याला नावं ठेवली नाहीत. तुमच्यासमोर तरी.

पण भाऊ, तुमचीही एकदा जिरली, आणि ती गोष्ट मी सांगणारच. कॉम्प्युटरमध्ये एका ओळीत लिहून ठेवावं लागतं, माल कुठल्या आवृत्तीचा घ्यायचा. ते दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक तर त्या आवृत्तीचं नाव लिहायचं. नाहीतर नुसतं 'स्थिर' लिहायचं, म्हणजे आज जी कुणी तिसऱ्या खोलीत असेल ती. तुम्ही मला हजारदा बजावलं होतं, नाव लिही, नाव लिही. आणि शेठच्या कॉम्प्युटरवर स्वतःच 'स्थिर' लिहून आला होतात! शेठकडे इंटरनेट चांगलं, म्हणून तो एकच थेट मोठ्या कोठाराला जोडलेला. आणि मोठ्या कोठारवाल्यांनी नवी आवृत्ती जाहीर केली ती नेमकी शनिवारी, जोडून सुट्ट्या आलेल्या असताना. कॉम्प्युटरनं तिसऱ्या खोलीत डोकावून बघितलं, तिथं नवी मंडळी बसलेली. हा आपला शहाण्यासारखा सगळं नवं घेऊन मोकळा. रविवारी सकाळी लेबलं छापणारा प्रिंटर मुका.

दुकानाबाहेर ही गर्दी, आत चिक्कीचे खोके रचलेले आणि एकावरही तारीख नाही. शेठचा चेहरा गुळाच्या पाकासारखा उकळत होता. शेवटी तुम्ही, मी आणि वहिनी, तिघं मागच्या खोलीत पाटावर बसून दुपारपर्यंत बॉलपेननं तारखा लिहीत होतो.

"सरपंच या म्हणलं की आज जो सरपंच असंल तो येतो," तुम्ही मान खाली घालून म्हणालात. "मला आपला जुना माणूस पायजे व्हता. नावानं हाक मारायला पायजे व्हती."

"भाऊ, ते सरपंचाचं असू द्या," शेठ दारातून म्हणाले, "अक्षर तेवढं नीट काढा. गिऱ्हाईक विचारतंय ही दोन हजार एकवीसची चिक्की आहे का."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांनी लिहिलेला खोका पुन्हा लिहावा लागला.

त्याच संध्याकाळी तुम्ही शेठचा कॉम्प्युटरही आपल्या कोठाराला जोडलात आणि ओळीत नाव लिहिलंत. मी मात्र सोडलं नाही. म्हटलं, नावानं हाक मारलीत तरी तो माणूस कायम थोडाच पुरणार आहे? प्रत्येक आवृत्तीची सेवा कधीतरी संपते. मग ठिगळं येणं बंद. तुमचा कॉम्प्युटर आपला त्या निवृत्त माणसाच्या दारात उभा राहून हाका मारतोय आणि आतून ओ नाही. त्यापेक्षा 'स्थिर' बरं, निदान कुणीतरी दार उघडतं. तुम्ही म्हणालात, "संपली की माणसानं जायचं, बघायचं, आन् ओळ बदलायची. आपोआप न्हाई." मी म्हटलं, माणूसच नसला तर? हे भांडण तिथंच राहिलंय, भाऊ. पुढचा डाव तुमचा होता.

आता सहीचं. कोठारातल्या सगळ्या गाठोड्यांची एक यादी असते, प्रत्येकाच्या अंगठ्याच्या ठशासकट. दर मंगळवारी नाश्ता झाला की तुम्ही त्या यादीवर तुमच्या गुप्त किल्लीनं सही करायचात. कॉम्प्युटर आधी सही तपासणार, मग ठसे जुळवणार, मग माल घेणार. इथवर मला पटत होतं. पण तुम्ही यादीला मुदतही घातली होती, आठवड्याच्या जरा वरची. पावसाळ्यात दार बंद, यादीत एका अक्षराचा बदल नाही, तरी मंगळवार आला की तुम्ही चष्मा पुसून सहीला हजर. मी म्हटलं, भाऊ, काहीच बदललं नाही तर सही कशाला पुन्हा? हा काय देवपूजेचा नेम आहे?

"समज कुणी मधी बसून तुला गेल्या महिन्याची यादी दिली," तुम्ही म्हणालात. "सही खरी, माझीच. ठसे खरे. तू म्हणशील काय नवीन न्हाई. आन् हिकडं भोक सापडून ठिगळ येऊन पडलेलं असंल. खऱ्या सहीनं फसलीस की न्हाई?"

तुम्ही चष्मा डोळ्यांवर चढवलात.

"काय न्हाई बदललं, हेबी कुणीतरी आज सांगावं लागतं."

हे मला पटलं आणि पटलं म्हणून मी आणखी चिडले. कारण मग सगळं तुमच्या एकट्याच्या मंगळवारवर टांगलेलं! मी म्हटलं, किल्ली कामाच्या नावानं करा, मावळ कोठाराची किल्ली, आणि दोघांकडे ठेवा. मोठ्या कोठारवाले तसंच करतात. तुम्ही डोकं हलवलंत. "कामाच्या नावानं सही केली आन् चूक झाली, तर शेठनं गचांडी कुणाची धरायची? कामाची?" मी म्हटलं, आणि तुम्हाला काही झालं तर? "दसरा हू दे, बघू." किती दसरे आले आणि गेले भाऊ. यंदाचाही आला नव्हता अजून. भर पावसाळ्यात, दार बंद असताना गेलात. तुमची शेवटची सही 'काही बदललेलं नाही' या गोष्टीवर होती.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पाऊस लागलेला आणि कावळा शिवेना. सगळे छत्र्या धरून झाडांकडे बघतायत. तुमच्या भावानं हात जोडून सांगितलं, वहिनीला एकटं पडू देणार नाही. कावळा ढिम्म. लेकीनं सांगितलं, आईला दर सणाला येऊन नेईन. तरी नाही. मी मागं उभी. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, कोठार चालू ठेवीन म्हणून, पण एवढ्या माणसांत ते बोलायचं कसं? घाटावरच्या भटजींना काय वाटेल? मी धीर करून एक पाऊल पुढं टाकलं, तेवढ्यात तुमच्या पुतण्यानं पाण्याच्या टाकीची गळती काढतो म्हणून सांगितलं आणि कावळा झपकन उतरला. टाकी, भाऊ! माझं वाक्य घशातच राहिलं. म्हणजे मी सुटले की अडकले, हे मला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

मग शिंदेबाईंचा तो फोन, आणि पाठोपाठ बातमी, की ब्राउझरमध्ये मोठं भोक सापडलंय. नुसतं एखादं पान उघडलं तरी चोर आत. मोठ्या कोठारवाल्यांनी ठिगळ लगोलग शिवलं. ते आपल्या पेटीत येऊनही पडलं. आणि पेटीबाहेर जाईना, कारण सही नाही. शाळेत पोरांचे फॉर्म ऑनलाइन भरणं चाललेलं, शेठकडे गर्दीचे शनिवार. शेठ माझ्या दुकानात येऊन बसले. "रेखा, ती तारीख बघणं बंद करून टाक ना. एका ओळीचं तर काम." खरंच एका ओळीचं होतं. पण मग मुदत गेलेली यादी कुणीही पुढं केली तरी कॉम्प्युटर मान डोलावणार, आणि जुन्या यादीत ठिगळही नव्हतंच. मी नाही म्हटलं. शेठ म्हणाले, भाऊंचा हट्टीपणा तुझ्यात आलाय. मला इतकं बरं वाटलं ना ते ऐकून, की त्यांना चहा पाजला.

त्याच दिवशी मी वहिनींकडे गेले. म्हटलं, भाऊंची किल्ली पेटीत आहे, पण पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. आता प्रत्येक घरी, प्रत्येक शाळेत जाऊन नवी किल्ली हातानं बसवावी लागेल. तोवर भोक उघडं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला पाठ हाय."

"काय?"

"पासवर्ड. पुटपुटल्याबिगर त्यांना टाइप करायला येत न्हवतं. दर मंगळवारी ऐकतीया."

अहो भाऊ! जगातली एवढी शिस्त, ठसे, मुदती, आणि तुम्ही स्वयंपाकघराला पाठ करून गुप्त पासवर्ड मोठ्यानं म्हणत होतात! मी हसायला लागले, वहिनीही हसायला लागल्या, आणि मग दोघींना थांबता येईना. ताटातले तांदूळ सांडले.

म्हणजे प्रश्न सुटला होता. दर मंगळवारी वहिनींनी पासवर्ड टाकायचा, मी यादी बनवायची आणि सही जायची तुमच्या नावानं. कुणाला काही करावं लागलं नसतं. कुणाला कळलंही नसतं. मला हे फार हवंसं वाटलं, भाऊ. मावळातल्या इतक्या कॉम्प्युटरांत तुम्ही हयात राहिला असतात. मी वहिनींना तसं बोलूनही दाखवलं.

वहिनी तांदूळ गोळा करत होत्या. त्यांनी विचारलं, "ती सही म्हंजे नेमकं काय सांगायचे ते?"

"की हे मी आज बघितलंय. माझी जबाबदारी."

"मग आज तर तू बघणार. ते कुटं बघत्यात?"

तुमची गचांडी मला तेव्हा आठवली. माझ्या चुकीसाठी शेठ तुमची गचांडी धरणार, आणि तुम्ही सापडणार नाही. कामाच्या नावाचा माझा हट्टही मग धरवेना. हरले मी. तुम्हाला एवढं हवं होतं ते मी अखेर कबूल केलं आणि ऐकायला तुम्ही नाही, याचा मला भयंकर राग आलाय. अजून आहे.

पण अर्धी जिंकलेही. नव्या किल्ल्या दोन केल्या, एक माझ्या नावाची, एक वहिनींच्या. दोघींपैकी कुणाचीही सही चालेल. वहिनी आढेवेढे घेतील असं वाटलं होतं, तर म्हणाल्या, "माझ्याबिगर पुढं काय जात व्हतं का कवा?"

आता या नव्या किल्ल्या कॉम्प्युटरांनी मानायच्या कशा? ते तर तुमच्याखेरीज कुणाला ओळखत नाहीत. मोठ्या कोठारवाल्यांची रीत मी वाचून काढली. नवी किल्ली एका गाठोड्यात बांधायची, ते यादीत घालायचं आणि यादीवर सही करायची जुन्या किल्लीनं. जुन्याच्या शब्दावर नव्याला घरात घेतात. मग काही काळ दोन्ही सह्या बरोबर जातात. मग जुनी थांबते. किती साधं आहे, आणि कुणाला कधी सुचलं असेल हे? तुम्हाला ठाऊक असणारच. माझ्यासाठी राखून ठेवलं होतंत का दसऱ्यानंतर सांगायला?

तुमची सही तेवढ्यापुरती लागणार होती. नाश्ता झाल्यावर वहिनी पेटीसमोर बसल्या. मी तोंड फिरवून पापडाच्या डब्यांकडे बघत उभी राहिले. मागून पुटपुटणं ऐकू आलं, तर मी कानावर हात ठेवले. मग वहिनींनी माझ्या पाठीवर थाप मारली. झालं होतं. भोकाचं ठिगळ आणि नव्या किल्ल्या एकदमच निघाल्या. आधी वहिनींच्याच कॉम्प्युटरवर, एक भाकरी होईपर्यंत थांबले, तेवढी शिस्त पाळली. आवाज गेला नाही. मग सगळीकडे. जरा वेळानं आंबीहून फोन आला, "घेतलं हो रेखाताई, सगळ्यांनी घेतलं!" आणि बाईंच्या मागं पोरांचा गलका.

लोहगडवाडीला डिस्क मी घेऊन गेले. मावशींना तुमचं कळलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही, आधी जेवायला वाढलं. मग कॉम्प्युटरकडे हात करून म्हणाल्या, "आता तू डिवचणार व्हय याला?" मी व्हय म्हटलं.

काही आठवडे दोन्ही सह्या गेल्या. या मंगळवारी शेवटचं काम उरलं होतं. तुमची किल्ली रद्द करायचं. नाही केली तर उद्या कुणाच्या हाती लागून तुमच्या नावानं काहीबाही सही व्हायची. मी आज्ञा दिली तशी मशीननं विचारलं, रद्द करण्याचं कारण निवडा. पुढं पर्याय. वहिनींना मी मराठीत वाचून दाखवले. किल्ली दुसऱ्याच्या हाती पडली. तिच्या जागी दुसरी आली. किल्ली आता वापरात नाही. कारण दिलेलं नाही.

"माणूस गेला, असं न्हाई त्यात?"

"नाही वहिनी."

मला दुसरं बरोबर वाटत होतं, जागी दुसरी आली. तसं म्हटलं तर वहिनी एकदम ताठ झाल्या. "कोण आलंय त्यांच्या जागी?" मी ते सोडून दिलं. वापरात नाही, हे वाचायला त्यांनी मला दुसऱ्यांदा लावलंच नाही. मग त्यांनी पडद्यावर शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ते कारण दिल्यालं न्हाई, ते टाक. डॉक्टरांनी तरी मला कुटं दिलं?"

मी ते टाकलं. मशीननं शेवटचं विचारलं, हे ठीक आहे का? हो किंवा नाही. मी तेही वाचून दाखवलं.

"ठीक कसलं आलंय," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी हो दाबलं.